नाबाद ४४३ आणि सर्वबाद ६०४



गतवर्षीच्या आंतरशालेय क्रिकेट सामन्यांतील एक प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. थंडीचे दिवस असूनही दुपारचे ऊन रणरणत होते. लाल मातीच्या त्या मैदानावर प्रतिपक्षाचे दोन फलंदाज असे काही रोवून उभे राहिले होते, की आपल्या गोलंदाजांचे हात दुखून आले, क्षेत्ररक्षकांच्या बोटांना सूज आली, आणि धावफलक मात्र पुढे पुढे सरकतच राहिला. अखेर संघाबरोबर गेलेल्या शिक्षकाने, म्हणजे प्रस्तुत लेखकानेच, मुलांना परत बोलावले आणि प्रतिपक्षाच्या शिक्षकांना सांगितले, "सामना आपणच जिंकलात असे समजावे." मुलांना सुटल्यासारखे वाटले. परतीच्या प्रवासात बसमध्ये कोणी फारसे बोलत नव्हते. तेवढ्यात आपला यष्टिरक्षक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आपण हरलो म्हणून खेळ संपला, की आपण खेळ संपवला म्हणून हरलो?"

मजजवळ उत्तर नव्हते. "बस खाली, उशीर झाला आहे," असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. पुढे भारतीय क्रिकेटचा इतिहास चाळीत असता एका जुन्या हंगामापाशी मी थांबलो, आणि मला वाटले की त्या मुलाचे उत्तर येथे आहे. तो हंगाम म्हणजे १९४८-४९ चा रणजी करंडक स्पर्धेचा हंगाम. त्याचाच आज आपण थोडा अभ्यास करू.

नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह हे १९३३ साली निवर्तले. त्यांच्या नावाने भारतातील प्रांतिक संघांची ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली, आणि पहिला करंडक मुंबईने जिंकला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. क्रिकेटमध्ये 'मुंबई' आणि 'महाराष्ट्र' हे दोन निरनिराळे संघ आहेत. महाराष्ट्र संघाचे मुख्य ठाणे पुणे. प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला. १९३९-४० सालीच विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय.

त्या काळच्या स्पर्धेत प्रांतांच्या संघांबरोबर होळकर, बडोदे, नवानगर अशा संस्थानांचेही संघ असत. धावांचे तर डोंगरच्या डोंगर उभे राहत. १९४५-४६ साली इंदूर येथे होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ गडी बाद ९१२ धावा करून डाव घोषित केला, आणि त्यात सहा फलंदाजांनी शतके काढली. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे व गुल महंमद यांनी होळकरविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. फलंदाजांचे ते सुवर्णयुग होते. गोलंदाजांना मात्र ते युग कसे वाटले असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

आता १९४८ सालाकडे वळू. हे साल आपल्या भागाच्या इतिहासात विसरण्याजोगे नाही. त्या वर्षी १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई १७ सप्टेंबरला संपली आणि हैदराबाद संस्थानाबरोबर आपला बिदर-गुलबर्गा मुलूखही निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तिकडे काठेवाडातील लहानमोठी संस्थाने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एकत्र होऊन त्यांचा एक संघ बनला होता. राजे होते, परंतु राज्ये लोपली होती. अशा संधिकाळात, डिसेंबर १९४८ मध्ये, काठेवाडचा संघ महाराष्ट्राशी खेळण्यासाठी पुण्यास आला. त्याचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब.

काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा एक गडी बाद झाल्यावर कमल भांडारकर आणि भाऊसाहेब निंबाळकर यांची जोडी जमली. निंबाळकर हे कोल्हापूरचे. नुकतीच त्यांना एकोणतीस वर्षे पूर्ण झाली होती. या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. दुसऱ्या गड्याचा हा जागतिक विक्रम पुढे १९७४ सालापर्यंत अबाधित राहिला. भांडारकर २०५ धावा काढून बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. द्विशतक झाले, त्रिशतक झाले, चारशेही ओलांडले. तिसऱ्या दिवशी खेळ विश्रांतीसाठी थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ गडी बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते.

या ४४३ धावांचा थोडा हिशेब करून पाहा. निंबाळकर ४९४ मिनिटे, म्हणजे सव्वाआठ तास खेळपट्टीवर होते. त्यांनी ४९ चौकार व १ षट्कार मारला. चौकारांच्या १९६ आणि षट्काराच्या ६ मिळून २०२ धावा होतात. उरलेल्या २४१ धावा त्यांनी पायांनी काढल्या. शिवाय साथीदाराच्या धावांसाठी धावावे लागते, ते निराळेच. केवळ मनगटाच्या जोरावर असा डाव उभा राहत नाही. त्याला छातीचा दम लागतो.

त्या वेळी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका डावातील सर्वाधिक धावांचा जागतिक विक्रम ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता. जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध त्यांनी नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. निंबाळकरांना बरोबरीसाठी ९ आणि विक्रमासाठी १० धावा हव्या होत्या. खेळ पुन्हा सुरू झाला असता तर ही गोष्ट काही मिनिटांची होती.

परंतु खेळ पुन्हा सुरू झालाच नाही. विक्रम होईपर्यंत तरी खेळावे, ही विनंती काठेवाडच्या कर्णधारांनी मानली नाही. त्यांनी सामना सोडून दिला आणि त्यांचा संघ मैदानावर परतला नाही. सामना महाराष्ट्राने जिंकला. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले, ते कायमचेच.

या घटनेकडे पाहताना आपण एकदम निवाडा देऊ नये. प्रथम ठाकोरसाहेबांच्या जागी उभे राहून पाहू. क्रिकेटच्या नियमांत एक विलक्षण गोष्ट आहे. चालू डाव घोषित करण्याचा अधिकार केवळ फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधारास असतो. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला तो डाव संपविण्यासाठी गडी बाद करावे लागतात; ते होत नसतील तर उन्हात उभे राहून चेंडूमागे धावणे, एवढेच त्याच्या हाती उरते. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धावांची झाली होती. सामना जिंकण्यास त्याहून पुष्कळ कमी धावा पुरल्या असत्या. यापुढची प्रत्येक धाव विजयासाठी नव्हती, विक्रमासाठी होती, आणि तो विक्रम ज्यांच्या गोलंदाजीवर व्हावयाचा, त्यांची नावे त्याच्याशी जन्मभर जोडली जाणार होती. आपला संघ जगाच्या पुस्तकात अशा रीतीने नोंदला जावा, असे कोणत्या कर्णधारास वाटेल? हे दुःख खोटे नव्हते. गतवर्षी त्या लाल मातीच्या मैदानावर मीही त्याचा लहानसा घास चाखला आहे.

तरीही त्या निर्णयाने काय साधले, हे पाहणे अगत्याचे आहे. पराभव टळला नाही. उलट जी नोंद टाळावयाची होती, तीच अधिक ठळक झाली. दहा धावा दिल्या असत्या तर काठेवाडचे नाव केवळ एका आकड्याशेजारी राहिले असते. त्या न दिल्यामुळे ते एका रिकाम्या मैदानाशी जोडले गेले. आणि ज्या फलंदाजाचा यात काही अपराध नव्हता, त्याचे सर्वांत मोठे यश अपुरे राहिले. यावरून पहिला धडा मिळतो तो असा : विक्रम एका माणसाच्या नावे लिहिला जातो खरा, परंतु तो घडविण्यास दोन संघ लागतात. समोरचा गोलंदाज चेंडू टाकण्यास उभा आहे, म्हणूनच फलंदाजाच्या धावांना अर्थ आहे.

हंगाम पुढे सरकला. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या अखेरच्या कसोटी सामन्यात भारतास विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी शतक काढले, आणि वेळ संपली तेव्हा भारताच्या ८ गडी बाद ३५५ धावा झाल्या होत्या. सहा धावांनी विजय हुकला. त्या वेळी नाबाद परतलेल्यांत दत्तू फडकर होते. येथेही डाव अपुरा राहिला, परंतु तो घड्याळाने थांबविला. कोणी मैदान सोडले नव्हते. हे फडकर लौकरच पुन्हा भेटणार आहेत.

मार्च १९४९ मध्ये रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. सामना पुण्यातच झाला आणि सात दिवस चालला. काठेवाडवर ८२६ धावांचा भार घालणाऱ्या महाराष्ट्रावर आता तीच पाळी आली. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. यष्टिरक्षक माधव मंत्री यांनी २००, उदय मर्चंट यांनी १४३ आणि फडकरांनी १३१ धावा काढल्या. महाराष्ट्राने ४०७ धावांनी उत्तर दिले. त्यात मनोहर दातार यांच्या १४३ आणि मधुसूदन रेगे यांच्या १३३ होत्या. चारशे धावा करूनही महाराष्ट्र २४४ धावांनी मागे पडला होता.

आता मुंबईने पुन्हा फलंदाजी केली आणि ८ गडी बाद ७१४ धावांवर डाव घोषित केला. मर्चंट यांनी १५६ आणि फडकरांनी १६० धावा काढून दोघांनीही सामन्यात दुसऱ्यांदा शतक पुरे केले. २४४ ची आघाडी आणि या ७१४ मिळून ९५८ होतात. म्हणजे महाराष्ट्राला विजयासाठी चौथ्या डावात ९५९ धावा हव्या होत्या! या आकड्याची असंभाव्यता कळण्यासाठी एक तुलना पुरे आहे. मार्च १९३९ मध्ये डर्बन येथे इंग्लंडपुढे चौथ्या डावात ६९६ धावांचे लक्ष्य होते. दहा दिवस लांबलेल्या त्या सामन्यात इंग्लंडने ५ गडी बाद ६५४ पर्यंत मजल मारली, आणि मग मायदेशी जाणारी बोट चुकू नये म्हणून सामना अनिर्णित सोडून द्यावा लागला. महाराष्ट्रापुढचे लक्ष्य त्याहूनही २६३ धावांनी अधिक होते.

मित्रहो, येथे महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या मनात काय आले असेल? दोन डावांत मिळून १३६५ धावा होईपर्यंत ते चेंडूमागे धावले होते. विजयाची आशा धरण्यास कोणतेही कारण नव्हते. मैदान सोडण्यास जेवढे कारण काठेवाडला होते, त्याहून अधिक कारण आता त्यांना होते. परंतु ते खेळावयास उतरले. रेगे यांनी पुन्हा शतक काढले, बरोबर १०० धावा. याच हंगामात त्यांना वेस्ट इंडीजविरुद्ध आपल्या आयुष्यातील एकमेव कसोटी सामना खेळावयास मिळाला होता व त्यात त्यांना यश लाभले नव्हते. येथे त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके काढून दाखविली. शरद देवधर यांनी १४६ धावा केल्या. गडी पडत होते, धावा वाढत होत्या. पाचशे झाल्या, सहाशे झाल्या, आणि ६०४ वर शेवटचा गडी बाद झाला. मुंबई ३५४ धावांनी जिंकली.

चारही डावांची बेरीज करून पाहा : ६५१, ४०७, ७१४ आणि ६०४ मिळून २३७६ होतात. प्रथम दर्जाच्या एका सामन्यातील धावांचा हा जागतिक विक्रम आहे, आणि तो आजतागायत मोडलेला नाही. ३८ गडी बाद झाले; म्हणजे दर गड्यामागे बासष्टांहून अधिक धावा पडल्या. एकंदर नऊ शतके झाली, आणि मर्चंट, फडकर व रेगे या तिघांनी दोन्ही डावांत शतके काढली. पुढे मुंबईने अंतिम सामन्यात बडोद्याचा ४६८ धावांनी पराभव करून करंडक जिंकला.

आता या दोन सामन्यांची तुलना करू. शहर एक, हंगाम एक, महाराष्ट्राचा संघ दोन्हींत. पहिल्या सामन्यात प्रतिपक्ष निघून गेला, म्हणून एक जागतिक विक्रम दहा धावांनी राहून गेला. दुसऱ्या सामन्यात हरणारा पक्ष अखेरच्या गड्यापर्यंत उभा राहिला, म्हणून एक जागतिक विक्रम घडला. त्या २३७६ धावांत जिंकणाऱ्या मुंबईच्या १३६५ आहेत, तशाच हरणाऱ्या महाराष्ट्राच्या १०११ आहेत. महाराष्ट्राने चौथा डाव खेळण्याचे नाकारले असते, तर हा विक्रम झालाच नसता. पराजितांनी घडविलेला विक्रम म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते.

पराभवाची खात्री असताना खेळत राहण्याचे आणखी एक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ९१२ धावा केल्या, हे वर आलेच आहे. त्या डावात म्हैसूरचे बी. के. गरुडाचार यांनी ४ गडी बाद केले, परंतु त्यासाठी त्यांच्या गोलंदाजीवर ३०१ धावा निघाल्या. एखादा गोलंदाज त्या लज्जेने मान खाली घालून बसला असता. गरुडाचार यांनी दुसऱ्या डावात हाती बॅट घेतली आणि १६४ धावा काढल्या. पहिल्या डावात १९० वर कोसळलेल्या म्हैसूरने दुसऱ्या डावात ५०९ धावा केल्या. एक डाव व २१३ धावांनी पराभव झालाच. परंतु त्या पराभवाच्या आठवणीने म्हैसूरच्या कोणा खेळाडूस तोंड लपवावे लागले नाही.

निंबाळकरांचे पुढे काय झाले, हे जाणण्याची तुम्हांस उत्सुकता असेल. एवढा पराक्रम करूनही त्यांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. ते पुढे कित्येक वर्षे रणजी स्पर्धेत खेळत राहिले. वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ११ डिसेंबर २०१२ रोजी, कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. ब्रॅडमन यांचा विक्रम पाकिस्तानच्या हनीफ महंमद यांनी १९५९ साली ४९९ धावा काढून मोडला. तो १९९४ साली वेस्ट इंडीजच्या ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ धावांनी मागे टाकला. परंतु प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये चारशेचा टप्पा ओलांडणारा निंबाळकरांवाचून दुसरा भारतीय फलंदाज अद्याप झालेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉ यांनी आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या, तेव्हाही ४४३ हा आकडा ६४ धावा दूरच राहिला.

आणि काठेवाडचे? ज्या भागातून तो संघ आला होता, तेथील संघ पुढे सौराष्ट्र या नावाने रणजी स्पर्धेत उतरू लागला. त्याला करंडकासाठी पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. मार्च २०२० मध्ये राजकोटलाच अंतिम सामना झाला. बंगालविरुद्ध सौराष्ट्राने ४२५ धावा केल्या, आणि बंगालला ३८१ वर रोखून पहिल्या डावातील ४४ धावांच्या आघाडीवर पाचव्या दिवशी करंडक जिंकला. साथीच्या भयाने त्या अखेरच्या दिवशी प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. खेळाडू मात्र मैदानावर होते. २०२२-२३ साली कोलकात्यास पुन्हा बंगालला हरवून सौराष्ट्राने दुसऱ्यांदा करंडक मिळविला. ज्या राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी पुण्यास मैदान सोडले, त्याच राजकोटच्या मैदानावर पाच दिवस चिकाटीने उभे राहून त्यांच्या भागातील मुलांनी पहिला करंडक उचलला. एका दिवसाच्या निर्णयाने कोणत्याही संघाचे भाग्य कायमचे ठरत नाही, हा यातील दिलासा आहे, आणि माझ्यासारख्याला तो हवासाच होता.

आता माझ्या यष्टिरक्षकास उत्तर देतो. बाळ, त्या दिवशी आपण हरलो म्हणून खेळ संपला नव्हता. खेळ मी संपविला. पराभव बहुधा झालाच असता, त्याबद्दल खेद नाही. परंतु तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी पन्नास धावा काढल्या असत्या, कोणी एखादा अवघड झेल घेतला असता, ते सारे मी तुमच्याकडून काढून घेतले. तुमच्या दुखऱ्या बोटांची मला दया आली, असे मी स्वतःस सांगत होतो. खरे पाहता मला धावफलकाची लाज वाटत होती. या दोहोंतील भेद मला तेव्हा उमगला नाही, ही माझी चूक.

यंदाच्या सामन्यांसाठी आपला संघ लौकरच निघेल. प्रतिपक्षाने कितीही धावा केल्या तरी शेवटचा गडी बाद होईपर्यंत आपण मैदानावर असू. आणि प्रतिपक्षाचा एखादा मुलगा शतकाच्या उंबरठ्यावर असेल, तर त्यास चेंडू तितक्याच प्रामाणिकपणे टाकावयाचा. आणि शतक पुरे झाल्यास पहिली टाळी आपल्या यष्टिरक्षकाने वाजवावयाची. तो सर्वांत जवळ उभा असतो.